पहिले पॉइंट शूज : माप पावलाचे आणि तयारीचेही

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज अमेरिका, इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आहेत. त्यांच्या मुली तिथे शनिवार-रविवारी भरतनाट्यम् किंवा कथ्थक शिकतात, तशाच बॅलेही शिकतात. भारतातही मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत बॅलेचे वर्ग चालतात. या वर्गांत पहिली काही वर्षे मऊ, चपट्या तळाच्या सपाता वापरल्या जातात. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली आणि वरच्या वर्गातील मुलींना बोटांच्या अगदी टोकावर उभे राहून नाचताना पाहू लागली, की तिला एकच ध्यास लागतो : आपल्याला ते गुलाबी साटीनचे बूट केव्हा मिळणार? हे बूट म्हणजेच पॉइंट शूज. घरात आजोबा किंवा आजी डॉक्टर असतील, तर दुसरा प्रश्न त्यांच्याकडे ओघानेच येतो : ''वाढत्या वयात हाडांना काही अपाय तर होणार नाही ना?''

या प्रश्नाचे उत्तर ''हो'' किंवा ''नाही'' अशा एका शब्दात देता येत नाही. अपाय होणार की नाही, हे मुलीच्या वयापेक्षा दोन गोष्टींवर अवलंबून असते. तिचे पाऊल, पाय आणि धड यांची तयारी झाली आहे का, आणि बूट तिच्या पावलाला तंतोतंत बसतो का. म्हणूनच पॉइंट शूजचे पहिले माप हा केवळ खरेदीचा व्यवहार नाही. ती एक तपासणी आहे. आणि कोणत्याही प्रामाणिक तपासणीप्रमाणे तिचा निष्कर्ष ''अजून नाही'' असाही निघू शकतो. ही गोष्ट पालकांनी दुकानाची पायरी चढण्याआधी मनाशी पक्की केली, तर पुढचे बरेच त्रास टळतात.

ताकद आधी, बूट नंतर

बोटांच्या टोकावर उभे राहण्याची कल्पना सुमारे दोनशे वर्षे जुनी आहे. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले प्रथम सादर झाला. मारी टॅलिओनी हिने त्यात वनदेवतेसारख्या एका अशरीरी जिवाची भूमिका केली. टोकावर उभी राहणारी ती पहिली नर्तकी नव्हती. परंतु जे त्यापूर्वी कसरतीसारखे दिसत होते, त्याला तिने भावाची भाषा दिली. जमिनीला जेमतेम स्पर्श करणारे पाऊल हे त्या पात्राच्या हलकेपणाचे चिन्ह ठरले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की टॅलिओनीच्या पायातील बूट म्हणजे मऊ साटीनच्या सपाताच होत्या. टोकाला आणि कडांना दोऱ्याने घट्ट रफू केलेले असे, एवढाच काय तो आधार. भार पेलत होती ती पावलाची आणि पोटरीची कमावलेली ताकद. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नर्तकींनी अधिक टणक टोकाचे बूट रूढ केले. त्यांपैकीच एक असलेल्या पिएरीना लेन्यानी हिने १८९५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेऊन प्रेक्षकांना थक्क केले. १९२०च्या दशकात भारतातही येऊन गेलेली आणि १९२३ साली लंडनला उदयशंकरांबरोबर नृत्य केलेली रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोवा हिची पावले अरुंद आणि फार उंच कमानीची होती. तिने आपल्या बुटांच्या तळाला जादा आधार देऊन घेतला. बूट बदलत गेले, तसतसे अधिक कठीण नृत्य शक्य झाले, हे खरे. मात्र क्रम नेहमी तोच राहिला : ताकद आधी, बूट नंतर. बूट ताकदीला मदत करतो. ताकदीची उणीव तो भरून काढीत नाही.

टोकावर उभे राहताना पावलात काय घडते?

कथ्थकच्या ततकारात अख्खा तळवा जमिनीवर आपटतो, भरतनाट्यम्‌मध्येही बहुतेक वेळ शरीराचा भार टाच आणि चवडा यांत वाटला जातो. बॅलेत टोकावर उभे राहताना ही वाटणी पूर्णपणे बदलते. नडगीचे हाड, टॅलस, पावलाच्या मधली हाडे, पहिली-दुसरी मेटाटार्सल्स आणि बोटे ही सर्व जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात. चाळीस किलो वजनाच्या मुलीचा सारा भार रुपयाची दोन-तीन नाणी शेजारी शेजारी ठेवावीत, साधारण एवढ्या जागेवर तोलला जातो. आणि एका पायावर उभे राहताना तो एकट्या पावलाला पेलावा लागतो.

टॅलसचा घुमट पुढच्या बाजूस रुंद आणि मागे अरुंद असतो, हे आपण शरीररचनाशास्त्रात शिकलो आहोत. पाऊल खाली ताणले, की घोट्याच्या खोबणीत त्याचा अरुंद भाग येतो. म्हणजे टोकावर उभे राहताना हाडांचे कुलूप काहीसे सैल झालेले असते आणि घोटा सांभाळण्याचे काम अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर, विशेषतः नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या पेरोनियल स्नायूंवर, येऊन पडते. पावलाच्या आतील लहान स्नायूंना बोटे ताठ आणि लांब ठेवावी लागतात. त्यांच्यात बळ नसेल तर बोटे बुटात मुडपतात आणि भार पेरांवर येतो. वरच्या अंगाला ओटीपोट आणि पाठ यांनी धड स्थिर ठेवले नाही, तर शरीराचा तोल सावरण्याची झळ शेवटी घोट्यालाच सोसावी लागते.

बुटाची घडण

पॉइंट शूच्या आत लाकडाचा किंवा सिमेंटचा ठोकळा असतो, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात पारंपरिक बुटाचे टोक कापड, गोणपाट आणि कागद यांचे थर खळीसारख्या चिकट पदार्थाने एकमेकांवर बसवून, वाळवून टणक केलेले असते. बोटांना चहूबाजूंनी वेढणाऱ्या या भागास बॉक्स म्हणतात. त्याचे सपाट टोक म्हणजे प्लॅटफॉर्म. नर्तकी त्याच्यावर उभी राहते. बोटांच्या वरचा भाग व्हॅम्प, आणि बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणारे टणक पंख म्हणजे विंग्ज. तळव्याखाली चामडे, पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकची एक ताठ पट्टी असते, तिला शँक म्हणतात. हा जणू बुटाचा कणा. बाहेरून साटीन, आतून कापडी अस्तर, काठाला ओढून बांधण्याची नाडी. बहुतेक पॉइंट शूजमध्ये डावा-उजवा असा भेद नसतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

बूट बनविणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. न्यूयॉर्कची कपेझिओ १८८७ची, लंडनची फ्रीड १९२९ची, सिडनीत सुरू झालेली ब्लॉक १९३२ची, तर टोक आणि शँक यांसाठी आधुनिक कृत्रिम द्रव्ये वापरणारी गेनर मिंडेन १९९३ची. प्रत्येकीचा साचा वेगळा, आकड्यांची पद्धत वेगळी. रोजच्या बुटांचा क्रमांक येथे उपयोगी पडत नाही. पॉइंट शूचा क्रमांक बहुधा त्याहून लहान निघतो. ''सर्वांत उत्तम कंपनी कोणती?'' हा प्रश्नच चुकीचा आहे. मैत्रिणीला उत्तम बसलेला बूट आपल्या मुलीला अपायकारक ठरू शकतो. चष्म्याच्या बाबतीत जे आपण रुग्णांना सांगतो, तेच येथेही लागू आहे.

रंगाविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पायाची रेघ अखंड दिसावी म्हणून बुटाचा रंग कातडीशी मिळताजुळता ठेवण्याची पद्धत पडली. पण ती कातडी गोरी, हे गृहीत धरून. सावळ्या आणि काळ्या नर्तकींना वर्षानुवर्षे बुटांना हाताने रंग किंवा मेकअप लावावा लागे. २०१८ साली फ्रीड कंपनीने लंडनच्या 'बॅले ब्लॅक' या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले. आपल्या मुलींना आज निदान हा पर्याय मागता येतो.

परवानगी कोणाची आणि कशावरून?

पहिली परवानगी नृत्यशिक्षिकेची. तिने मुलीला काही वर्षे पाहिलेले असते आणि दुकानातील अर्ध्या-पाऊण तासात जे दिसत नाही, ते तिला ठाऊक असते. शिक्षिकेने सांगितल्यावाचून माप घ्यायला जाऊ नये.

नर्तकांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स' या संस्थेच्या वतीने २००९ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांचे सार असे : बारा वर्षांच्या आत सुरुवात करू नये. घोटा आणि पाऊल पुरेसे ताणले जात नसेल किंवा पायाची ठेवण सदोष असेल, तर परवानगी देऊ नये. पोट, कंबर किंवा पाय दुर्बल असतील तर थांबावे आणि व्यायाम द्यावा. पाऊल व घोटा प्रमाणाबाहेर लवचीक असेल, तरीही आधी बळ वाढवावे. आठवड्यातून एकदाच वर्गाला जाणाऱ्या मुलीला या मार्गापासून परावृत्त करावे. आठवड्यातून दोनदा शिकणारी आणि वरीलपैकी कोणताही दोष नसलेली मुलगी शिक्षणाच्या चौथ्या वर्षी सुरुवात करू शकते.

यांतील अतिलवचीकतेचा मुद्दा पालकांना उलटा वाटतो. सुंदर कमान असलेले, सहज वाकणारे पाऊल पाहून सगळे कौतुक करतात. पण तेच पाऊल बुटाच्या टोकावरून पुढे ओघळते आणि घोट्याच्या अस्थिबंधांवर ताण आणते. देखणे पाऊल म्हणजे तयार पाऊल नव्हे.

वयाच्या मर्यादेविषयीही थोडे स्पष्टीकरण हवे. मेटाटार्सल हाडांच्या ग्रोथ प्लेट्स किशोरवयाच्या मध्यापर्यंत पूर्ण मिटत नाहीत. तोवर थांबावे, असे कोणी सांगत नाही. पॉइंट शूजमुळे वाढ खुंटते असेही सिद्ध झालेले नाही. त्यामुळे केवळ एक्स-रे पाहून ''परवानगी'' देण्याचा मोह आपण डॉक्टरांनी टाळावा. बारा वर्षांची अट ही मुख्यतः बळ, नियंत्रण आणि समज यांच्या परिपक्वतेसाठी आहे. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात मुलीचा तोल आणि ताकद काही महिने मागे पडतात. अशा वेळी अकरा वर्षांची एखादी मुलगी चौदा वर्षांच्या मुलीपेक्षा अधिक स्थिर दिसेल आणि तेरा वर्षांची तयार वाटणारी मुलगी एकाएकी डळमळू लागेल.

तयारी पाहण्यासाठी काही सोप्या चाचण्या आहेत. एक पेन्सिलची. मुलीने पाय लांब करून बसावे आणि पाऊल पूर्ण ताणावे. घोट्याच्या वरच्या बाजूस नडगी व पाऊल यांच्यावर पेन्सिल सरळ टेकली, तर लागणारा ताण पावलात आहे असे समजतात. दुसरी, एका पायाच्या चवड्यावर गुडघा सरळ ठेवून सलग सुमारे वीस वेळा वर जाणे. तिसरी विमानाची : एका पायावर उभे राहून धड आणि दुसरा पाय जमिनीशी समांतर करून, उभ्या पायाचा गुडघा वाकवीत हात जमिनीकडे नेणे, पाचपैकी चार वेळा गुडघा पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे. चौथी, एका पायावर सोळा उड्या; त्यांपैकी निदान आठ नेमक्या, न डगमगता. या चाचण्यांत अडखळणाऱ्या मुलीला नापास म्हणू नये. कोणता व्यायाम द्यायचा, हे तिने आपल्याला दाखवून दिले, असे समजावे.

माप घेण्याचा दिवस

शक्य असेल तिथे बॅलेच्या बुटांच्याच दुकानात, अनुभवी फिटरकडे आगाऊ वेळ ठरवून जावे. पहिल्या मापाला तासभर लागला तरी घाई करू नये. नखे दोन-तीन दिवस आधी, सरळ आणि आखूड कापलेली असावीत. त्याच दिवशी कापलेले नख दुखरे असते. पावले उघडी करता येतील असा पायमोजा असावा. बोटांवर घालण्याची गादी, मग ती जेलची असो, स्पंजची असो वा लोकरीची, शिक्षिकेच्या सल्ल्याने आधीच ठरवावी. कारण ती घालूनच माप घ्यायचे असते. बूट घेतल्यावर जाड गादी घातली, तर घेतलेले माप निरर्थक होते. जुनी दुखापत, मुरगळलेला घोटा, अंगठ्याच्या बाजूची गाठ, कुरूप या सर्वांची माहिती फिटरला मोकळेपणाने द्यावी.

चांगला फिटर बुटांच्या खोक्याला हात लावण्याआधी अनवाणी पाऊल पाहतो. सर्व बोटे अंगठ्यापासून उतरती आहेत, की दुसरे बोट अंगठ्याहून लांब आहे, की पहिली तीन-चार बोटे एका रेषेत आहेत? उतरत्या बोटांना निमुळता बॉक्स मानवतो, सारख्या बोटांना रुंद. बोटे लांब की आखूड, यावरून व्हॅम्पची उंची ठरते. तो चवडा हाताने दाबून पाहतो. काही पावले दाबली की अरुंद होतात, काही मुळीच होत नाहीत. दोन्ही पावले तो स्वतंत्रपणे पाहतो, कारण ती क्वचितच अगदी सारखी असतात. या तपासणीवाचून, केवळ क्रमांक विचारून बूट पुढे करणारा दुकानदार असेल, तर नम्रपणे निरोप घ्यावा.

मग तीन स्थितींत बूट तपासतात. पहिली स्थिती, पाऊल सपाट. बोटे लांब आणि सरळ असावीत, टोकाला स्पर्श करावीत, पण मुडपू नयेत. बॉक्सने चवड्याला घट्ट हस्तांदोलनाप्रमाणे सर्व बाजूंनी धरावे. दुसरी स्थिती, गुडघे वाकवून, म्हणजे प्लिएत. या वेळी पाऊल किंचित पसरते. टोकाचा दाब जाणवावा, पण तो सोसवेल इतकाच. तिसरी स्थिती, आधार धरून बोटांच्या टोकावर. आता पाऊल थोडे आखूड होते. टाचेपाशी साधारण अर्धा सेंटीमीटर कापड चिमटीत यावे. अजिबात आले नाही तर बूट आखूड; भरपूर आले तर लांब.

याच तिसऱ्या स्थितीत इतर गोष्टीही दिसतात. व्हॅम्पने बोटांचे सारे सांधे झाकावेत. तो कमी पडला तर पाऊल पुढे ओघळते. जास्त उंच असेल तर चवड्यावरून टोकावर जाता येत नाही. विंग्ज अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याला बाजूने आधार देतील इतक्या लांब हव्यात. बोटांच्या वर बुटात फिटरचे बोट सहज शिरत असेल, तर बॉक्स उंच आहे. बॉक्स रुंद असेल तर पाऊल आत खचते आणि सारा भार अंगठ्याच्या टोकावर येतो; अरुंद असेल तर पाऊल प्लॅटफॉर्मपर्यंत पोहोचतच नाही. शँक तळव्याच्या कमानीला चिकटून वाकली पाहिजे. ती फार ताठ असेल तर मुलगी प्लॅटफॉर्मच्या मागल्या कडेवर अडून राहते. फार मऊ असेल तर पुढे कोसळते. नव्या मुलीला ताठ शँक जास्त सुरक्षित, हा समज खरा नाही; तिच्या ताकदीला वाकवता येईल, अशीच शँक तिला हवी.

दहा-बारा जोड घालून पाहावे लागले तरी त्यात वावगे काही नाही. मुलीला मात्र बोलते करावे लागते. ''दुखते का?'' असे विचारले तर बूट हातचा जाईल या भीतीने ती ''नाही'' म्हणते. त्याऐवजी ''कुठे दाब लागतो? कोणत्या बोटावर जास्त? दोन्ही पायांत सारखे वाटते का?'' असे विचारावे. रुग्णाचा पूर्वेतिहास घेताना आपण जे कौशल्य वापरतो, तेच येथे वापरायचे असते. सर्व बाजूंनी सारखा दाब अपेक्षित आहे. एका जागी टोचणी, मुंग्या किंवा बधिरपणा मात्र नको.

वाढत्या मापाची महागडी काटकसर

आपल्याकडे शाळेचे बूट घेताना पुढे अंगठ्याएवढी जागा सोडण्याची रीत आहे. पुढच्या वर्षीही यावेत म्हणून. एकीचे कपडे-चपला धाकटीने वापरणे यातही कमीपणा मानीत नाहीत. संसार असेच उभे राहिले आणि त्यात गैर काही नाही. परंतु पॉइंट शूच्या बाबतीत या दोन्ही सवयी सरळ अपायकारक आहेत.

वाढीसाठी जागा ठेवलेल्या बुटात पाऊल खाली घसरते, बोटे मुडपतात आणि टणक टोक आधार देण्याऐवजी आतून ठेचा देऊ लागते. अंगठ्याचे नख काळे पडते, पेरांवर फोड येतात, घोटा तिरका होतो. बहिणीचा किंवा मैत्रिणीचा वापरलेला बूट तर दुसऱ्याच पावलाच्या आकाराने घडलेला असतो आणि त्याची शँक थकलेली असते. माप न देता घरबसल्या मागविलेला पहिला जोड हाही त्याच जातीचा धोका. अमेरिकेत एका जोडाला शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडतात, तेव्हा पालकांची घालमेल समजण्यासारखी आहे. पण हा बूट आजच्या पावलासाठी असतो, उद्याच्या नव्हे. वाढत्या मुलीचे माप काही महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते आणि बूट लहान झाला असेल, तर तो शाबूत असतानाही बाजूला ठेवावा लागतो. हा खर्च झेपण्याजोगा नसेल, तर मऊ सपातांत आणखी वर्षभर शिकणे हा कमी दर्जाचा पर्याय मुळीच नाही.

घरी आणल्यावर

नवे बूट घरी आले, की ते घालून स्वयंपाकघरात टोकावर उभे राहण्याची इच्छा अनावर होते. ती आवरावी. शिक्षिकेने बूट पाहून पसंत करीपर्यंत रिबिनी शिवू नयेत आणि तळ मळू देऊ नये. बदलून घेण्याची वाट मोकळी राहते. पसंतीनंतर रिबिनी आणि इलॅस्टिक शिवताना काठाच्या नाडीत सुई जाऊ देऊ नये, नाहीतर नाडी ओढता येत नाही. रिबिनीची गाठ घोट्याच्या आतल्या बाजूच्या खळग्यात यावी. टाचेमागच्या अ‍ॅकिलीस टेंडनवर ती कधीही नसावी.

पहिले काही आठवडे वर्गाच्या अखेरीस, आधाराची दांडी धरून, दोन्ही पायांवर, दहा-पंधरा मिनिटे एवढेच काम असते. घामाने खळ मऊ पडते, म्हणून वापरानंतर बुटातली गादी काढून बूट मोकळ्या हवेत वाळवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. टोक पिचपिचीत झाले किंवा शँक लुळी पडली, की बुटाचे आयुष्य संपले. व्यावसायिक नर्तकी एका प्रयोगात एक जोड संपवू शकते. शिकणाऱ्या मुलीचा जोड महिनोन्‌महिने टिकतो, तोही कायमचा नसतोच.

त्रास झालाच, तर त्याची जागा बरेच सांगून जाते. पेरांच्या वर फोड आले तर बोटे मुडपत आहेत. अंगठ्याचे नख वारंवार काळे पडले तर पाऊल बुटात खचते आहे. बोटांच्या मध्ये जळजळ व बधिरपणा असेल तर बॉक्स अरुंद आहे. टाचेमागे वरच्या बाजूस दुखले तर नाडी किंवा रिबीन काचते आहे. घोट्याच्या मागे खोलवर, टोकावर जाताना होणारी वेदना ही टॅलसमागे चेपणाऱ्या ऊतींची, तिथे असणाऱ्या ऑस ट्रायगोनम या सुट्या हाडाची किंवा अंगठा वाकविणाऱ्या स्नायूच्या टेंडनची असू शकते. आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मुळाशी, पावलाच्या मध्यावर, भार दिल्यावर वाढणारी वेदना दिसली तर स्ट्रेस फ्रॅक्चर मनात आणलेच पाहिजे. पहिला एक्स-रे निर्दोष आला, म्हणून निश्चिंत राहू नये. अशा मुलीची मासिक पाळी, आहार आणि वजन यांचीही चौकशी करावी. सडपातळ राहण्याच्या दडपणाखाली कमी खाणाऱ्या मुलींची हाडे अधिक लवकर दगा देतात.

''अजून नाही'' कसे सांगावे?

एवढे सारे करून फिटरने किंवा शिक्षिकेने ''अजून नाही'' म्हटले, तर मुलीच्या डोळ्यांत पाणी येते. तिच्या बरोबरीच्या दोघी-तिघींना बूट मिळालेले असतात. अशा वेळी पालक दुसरे दुकान, दुसरी शिक्षिका शोधू लागतात आणि कधीकधी डॉक्टर आजोबांकडून चिठ्ठीही मागतात. ती चिठ्ठी देऊ नये. त्याऐवजी नकाराचे कारण विचारून घ्यावे आणि ते मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगावे : घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंना आणखी बळ हवे आहे, किंवा एका पायावरचा तोल अजून पक्का नाही. कारण कळले की काम कळते. चवड्यावर हळू वर जाऊन त्याहून हळू खाली येणे, रबरी पट्टीला पावलाने बाहेर रेटणे, बोटे न मुडपता पंख्यासारखी पसरणे, एका पायावर डोळे मिटून उभे राहणे, हे व्यायाम रोज दहा मिनिटे केले, तर तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. त्या वेळी पुन्हा तपासणीची तारीख ठरवावी आणि ती पाळावी. मुलांना नकारापेक्षा अनिश्चिततेचा त्रास अधिक होतो.

एका हंगामाचा उशीर झाल्याने कोणतीही नर्तकी घडायची राहिलेली नाही. घाईने मोडलेल्या पावलांची उदाहरणे मात्र हाडवैद्यकाच्या बाह्यरुग्ण विभागात भेटतात. म्हणून आपल्याला कोणी विचारले, तर शिक्षिकेची संमती, तयारीच्या चाचण्या आणि आजच्या पावलाचे चोख माप, या तिन्ही गोष्टींची खात्री करून घ्यावी. तिन्ही जुळल्या असतील, तर निःशंक मनाने होकार द्यावा. मुलीने काही वर्षे कष्ट करून ते बूट मिळविलेले असतात. त्या कष्टांचे कौतुकही आपल्या उत्तरात असू द्यावे.